आपला तलाव : एकदा बांधला, पंचवीस वर्षं राखला

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा माझा विषय त्यांनी आधीच ठरवून टाकला होता. "काका, सोसायटीच्या स्थापनेवर अध्यक्ष लिहिताहेत, गणेशोत्सवावर महिला मंडळ लिहितंय, तुम्ही स्विमिंग टँकवर लिहा. त्याचा तुमच्याइतका ताप दुसऱ्या कुणाला झालेला नाही." हे मात्र खरं. पंचवीस वर्षांत तीन वेळा मी कमिटीवर निवडून आलो आणि तिन्ही वेळा तलावाचं खातं माझ्याच गळ्यात पडलं. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाला पाण्यातलं सगळं कळतं, अशी आपल्या सभासदांची समजूत आहे. ती किती चुकीची होती हे पुढे येईलच.

आधी शब्दाचं बघू. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'स्विमिंग पूल' छापलं होतं. माझी आई गावाहून पहिल्यांदा इथे राहायला आली तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं की सोसायटीत पूल आहे. तिने गॅलरीतून खाली पाहिलं आणि विचारलं, "अरे, मग नदी कुठे आहे?" मुलं 'टँक' म्हणतात, ऑफिसच्या रजिस्टरवर 'जलतरण तलाव' लिहिलेलं आहे. मी आपला तलावच म्हणणार.

आपला तलाव १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे. उथळ टोकाला ३ फूट, खोल टोकाला ५ फूट. हिशेब केला तर त्यात साधारण एक लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजारी दहा टँकर. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

साडेचार हजार वर्षांचा शेजारी

शाळेत आपण सगळ्यांनीच मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचं चित्र पाहिलेलं आहे. १९२५-२६ च्या सुमाराला ते उत्खननात सापडलं. त्याची लांबी जवळजवळ १२ मीटर, रुंदी ७ मीटर. आपल्या तलावाचंच माप! खोली मात्र आपल्यापेक्षा जास्त, २.४ मीटर. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही टोकांना उतरायला पायऱ्या, शेजारच्या खोलीत विहीर, आणि पाणी सोडून द्यायला माणूस चालत जाईल एवढी उंच, कमानदार गटारी.

पण इंजिनिअर माणूस पायऱ्या बघत नाही, तो गळती बघतो. त्या लोकांनी विटा एकमेकींना अगदी चिकटवून, जिप्समच्या गिलाव्यात बसवल्या होत्या. त्यामागे डांबराचा थर दिला आणि त्यामागे पुन्हा वीटकाम केलं. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूकाठच्या गवंड्याला ठाऊक होतं की तलाव बांधणं सोपं आहे, त्यात पाणी टिकवणं अवघड आहे. आपल्या बिल्डरला हे ठाऊक होतं की नव्हतं, यावर आपल्या पहिल्या पाच वार्षिक सभा झाल्या.

अंगणातला तलाव आला कुठून?

मोहेंजोदडोचा तलाव साऱ्या नगराचा होता. घरामागच्या अंगणात स्वतःचा तलाव, भोवती फरशी किंवा लाकडी डेक आणि डेकवर आरामखुर्च्या, हे चित्र आलं अमेरिकेतून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून. आपल्या सोसायटीतल्या निदान दहा-बारा घरांची मुलं आज तिकडे आहेत, त्यांतल्या काहींच्या अंगणात असे तलाव आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यांचे फोटो आपल्या ग्रुपवर येतात.

या तलावांमागे तीन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे क्लोरिन. त्याआधी तलाव भरायचा, पाणी गढूळ झालं की सोडून द्यायचं आणि पुन्हा भरायचा, अशीच रीत होती. १९०८ मध्ये न्यू जर्सीतल्या जर्सी सिटी शहराच्या पिण्याच्या पाण्यात नियमित क्लोरिन घालायला सुरुवात झाली आणि हाच उपाय पुढे तलावांपर्यंत पोचला. एकदा भरलेलं पाणी गाळून, शुद्ध करून महिनोन्महिने वापरता येऊ लागलं.

दुसरी गोष्ट काँक्रीटची फवारणी. तिचा शोध लावणारा कार्ल एकली हा शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांपासून त्यांचे हुबेहूब पुतळे करणारा कारागीर होता! नळीतून दाबाने सिमेंट-वाळू उडवायचं यंत्र त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार केलं. या पद्धतीला 'गनाइट' म्हणतात. साचे न बांधता खड्ड्याच्या आकाराप्रमाणे काँक्रीट मारता येऊ लागलं, तलाव स्वस्त झाले आणि हवे तसे वळणदार करता येऊ लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची सुबत्ता. १९४८ मध्ये सोनोमा इथे डॉनेल कुटुंबाच्या बागेत टॉमस चर्च या बागरचनाकाराने काजूगरासारख्या आकाराचा तलाव केला आणि शेजारी लाकडी डेक. डेकच्या जागेत ओकची जुनी झाडं होती. ती न तोडता, फळ्यांना भोकं ठेवून झाडं तशीच वर येऊ दिली. त्या बागेचे फोटो जगभर छापले गेले. आपल्या बिल्डरच्या माहितीपत्रकातला काजूगर आणि त्यामागची ताडाची झाडं या त्याच फोटोंची नातवंडं. प्रत्यक्षात आपल्याला मिळाला आयत आणि ताडाच्या जागी जनरेटर.

पहिली पंधरा वर्षं

सोसायटीच्या दुसऱ्या वर्षी तलाव पहिल्यांदा भरला. त्या संध्याकाळी सगळ्या विंगांमधली माणसं काठावर उभी होती, आणि पोहायला येणारी त्यात सहा-सात. बाकीच्यांनी पाय बुडवले.

तलाव सांभाळायला तेव्हा जे गृहस्थ आले, त्यांना आपण सगळे मामा म्हणतो. मूळ गाव लातूर जिल्ह्यात. सकाळी साडेपाचला मामांचं काम सुरू होतं. लांब दांड्याच्या जाळीने पानं काढायची, भिंती घासायच्या, तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढायचा, मग पंप चालू करायचा. पंप पाणी ओढतो आणि वाळूच्या फिल्टरमधून ढकलतो. वाळूत मळ अडकत जातो तसा मीटरवरचा दाब चढतो. दाब चढला की पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवायची. त्याला बॅकवॉश म्हणतात.

मग औषध. आमच्या कमिटीतल्या एका सदस्यांची तक्रार असायची की मामा क्लोरिन फार टाकतात, वास येतो. म्हणून हिशेब सांगतो. पाण्यात मोकळं क्लोरिन १ ते ३ पीपीएम असावं. १ पीपीएम म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक भाग. आपल्या एक लाख लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला फक्त १०० ग्रॅम क्लोरिन लागतं, म्हणजे ६५ टक्के शक्तीची पावडर साधारण दीडशे ग्रॅम. एवढंच. उन्हाने ते उडून जातं, म्हणून रोज घालावं लागतं, आणि शक्यतो संध्याकाळी. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा लागतो, तो वर गेला की क्लोरिनचा जोर कमी होतो.

आणि ज्याला आपण क्लोरिनचा वास म्हणतो, तो जादा क्लोरिनचा वास नसतोच. घाम, अंगाला लावलेलं तेल आणि, स्पष्टच लिहितो, लघवी यांच्याशी क्लोरिनची गाठ पडून जे तयार होतं, त्याचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. उपाय एकच, शॉवर घेऊन उतरा. हे मी बोर्डावर तीनदा लिहून लावलं. तीनदा कुणीतरी बोर्डावर टॉवेल वाळत घातला.

काठावरच्या डेकची गोष्ट वेगळी. बिल्डरने उथळ टोकाला गुळगुळीत चकचकीत फरशी आणि खोल टोकाला लाकडी डेक दिला होता. फरशी ओली झाली की काचेसारखी. बी विंगच्या आजी तिच्यावर घसरून मनगट मोडून बसल्या, तेव्हा आम्ही तिच्यावर रबरी चटया अंथरल्या. लाकूड स्वस्तातलं होतं. खालून हवा खेळायला जागा नव्हती, पाणी साचायचं. पाचव्या पावसाळ्यात फळ्या कुजल्या, आठव्या वर्षी वाळवी लागली. मुलांच्या तळपायांतून कुसळं काढायला एक चिमटा आणि सुई कायम मामांच्या खोलीत असे.

२०१६

आता त्या वर्षाकडे येतो, ज्याबद्दल लिहायचं मी टाळत होतो.

२०१५ चा पाऊस फार कमी झाला. पुण्यात दिवसाआड पाणी सुरू झालं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यायची वेळ आली. पहिल्या गाडीने नेलेलं पाणी होतं पाच लाख लिटर. मुंबई उच्च न्यायालयाने तर आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. त्याच आठवड्यात कमिटीची बैठक होती. विषय होता उन्हाळी पोहण्याच्या वर्गाची फी. मामा काहीतरी सही घ्यायला आत आले होते. कुणीतरी सहज विचारलं, "काय मामा, गावाकडे पाणी आहे का?" मामा म्हणाले, "साहेब, टँकर येतो. आला तर." आणि सही घेऊन गेले.

पाच लाख लिटरवर एक शहर डोळे लावून बसलेलं आणि आपल्याकडे एक लाख लिटर पोहायला. बैठकीत फार चर्चा झाली नाही. वर्ग रद्द करायचा आणि तलाव रिकामा करायचा, असं एकमताने ठरलं. आठवडाभर क्लोरिन बंद ठेवलं, ते उन्हाने उडून जाऊ दिलं आणि मग ते सगळं पाणी पुरवून पुरवून आपल्या झाडांना घातलं. आज क्लब हाऊसमागे जो कडुनिंब आहे, तो त्या पाण्यावर जगला. त्या निर्णयाचा मला अजूनही अभिमान आहे.

चूक पुढची आहे. रिकाम्या तलावात मुलांनी क्रिकेट सुरू केलं. कॅलिफोर्नियात १९७६-७७ च्या दुष्काळात लोकांनी अंगणातले तलाव रिकामे केले, तेव्हा तिथली पोरं त्यांत स्केटबोर्ड खेळू लागली होती. आपल्या मुलांनी चौकार-षटकारांचे नवे नियम काढले. भिंतीला वर लागला तर चार, काठावर गेला तर आउट. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, तेव्हा मामा माझ्या घरी आले. दारातच उभं राहून म्हणाले, "काका, थोडं तरी पाणी भरून ठेवू. रिकामी विहीर पावसात ढासळते." मी म्हटलं, "मामा, ही विहीर नाही, आरसीसी आहे. आणि अजून पाणीकपात उठलेली नाही." ते बरं म्हणाले आणि गेले.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. टेकडीचं पाणी मुरमातून झिरपत खाली आलं आणि कातळावर अडून आपल्या तलावाभोवती साठलं. भरलेल्या तलावात आतलं पाणी तळाला दाबून धरतं. रिकामा तलाव म्हणजे पाण्यात ठेवलेली होडी. बाहेरचं पाणी तळापेक्षा एक मीटर वर चढलं की दर चौरस मीटरला एक टन जोराने ते तळ वर ढकलतं. आपला तळ ८४ चौरस मीटर. म्हणजे ८४ टन. ऑगस्टमध्ये एका रात्री खालच्या मजल्यावरच्या लोकांना फटाका वाजल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहिलं तर मधल्या फरश्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि तळ आणि भिंतीच्या सांध्याला बोटभर भेग पडली होती.

धरणाच्या पायाखालून पाण्याचा वर ढकलणारा दाब येतो, हे मी नोकरीची सगळी वर्षं आकडेमोडीत धरत आलो होतो. माझ्या स्वतःच्या दारातल्या तलावाला मी तो हिशेब लावला नाही. विहिरीवरून ज्या माणसाने तो बरोबर लावला होता, त्याला मी आरसीसी शिकवली. त्या वेळच्या इतिवृत्तात 'नैसर्गिक कारणाने नुकसान' असं लिहिलेलं आहे. ते वाक्य माझं आहे. ते आज दुरुस्त करतो.

बुजवायचा की राखायचा?

पुढच्या वर्षी भेग बुजवून, फरश्या बसवून तलाव भरला. पाणी रोज खाली जायला लागलं. गळतीने जातंय की उन्हाने, हे ठरवायला बादलीची साधी परीक्षा असते. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवायची आणि चोवीस तासांनी दोन्हीकडची पातळी बघायची. बादलीतलं पाणी पाऊण सेंटीमीटर उतरलं, ते उन्हाने. तलावातलं अडीच सेंटीमीटर. म्हणजे रोज दोन हजार लिटरवर पाणी कमी होत होतं आणि त्यातलं सुमारे दीड हजार लिटर जमिनीत जात होतं. दुष्काळातून नुकतंच बाहेर पडून हे करणं शक्य नव्हतं. तलाव पुन्हा रिकामा केला. या वेळी मात्र तळाला भोक पाडून, खालचं पाणी आत येऊ दिलं, म्हणजे दाब साठू नये.

मग वादांची वर्षं आली. तलाव बुजवून सहा गाड्यांचं पार्किंग करा, हा एक पक्ष. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पोहणारी कुटुंबं थोडी आणि वर्गणी सगळ्यांना. दुसरा पक्ष म्हणत होता, फ्लॅट घेताना तलावाचे पैसे दिलेत, मंजूर नकाशात तलाव आहे, तो बदलायला महापालिकेकडे जावं लागेल. तिसरा पक्ष, नेहमीप्रमाणे सगळ्यात मोठा, सभेला येत नव्हता.

२०२० मध्ये लॉकडाऊन आला. तलावात पावसाचं पाणी साठलं, डास झाले. डासांच्या अळ्या खायला त्यात गप्पी मासे सोडले. तेव्हा घरात कोंडलेली मुलं रोज संध्याकाळी मास्क लावून काठावर मासे बघायला जमायची. मला वाटतं, तलाव राखायचा असं सोसायटीने मनातून तेव्हाच ठरवलं. दुसऱ्या वर्षीच्या ऑनलाइन सभेत सी विंगमधल्या एक ताई म्हणाल्या, "मुलं फुटक्या टँकभोवतीसुद्धा जमतात. आपल्याकडे त्यांना जमायला दुसरी जागा तरी कुठे आहे?" नूतनीकरणाचा ठराव मंजूर झाला.

काम काय झालं, ते पुढच्या कमिट्यांसाठी नोंदवून ठेवतो. जुन्या फरश्या आणि गिलावा खरवडून काँक्रीट उघडं केलं. भेगांत दाबाने ग्राउट भरलं. सांध्यांना गोलाई दिली, कारण काटकोनात थर तुटतो. त्यावर पॉलिमरमिश्रित सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन थर, एक आडवा आणि एक उभा. मग सात दिवस पाणी भरून ठेवून परीक्षा. त्यानंतर फरश्या, आणि त्यांच्या फटींत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी. सगळ्यात महत्त्वाचं, तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवला आणि तलावाभोवती सच्छिद्र पाइप टाकून झिरप एका खड्ड्यात आणली. या खड्ड्याचं झाकण दर पावसाळ्यात उघडून बघायचं आहे. खड्ड्यात पाणी असेल तर तलाव कधीही रिकामा करायचा नाही. हे वाक्य मामांच्या खोलीत भिंतीवर रंगवून घेतलं आहे. मजकूर त्यांचाच आहे.

डेकला आता खरखरीत ग्रॅनाइट आहे आणि उतार तलावापासून बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे चपलांची घाण पाण्यात जाणार नाही. खोल टोकाला लाकडासारख्या दिसणाऱ्या, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या फळ्या बसवल्या, खालून हवा खेळेल अशा. त्यांना वाळवी लागत नाही. पण भर दुपारी त्या तापतात, तेव्हा अनवाणी जाऊ नका.

नियम क्रमांक सात

आता शेवटची गोष्ट. परीक्षेसाठी तलाव भरला होता, तेव्हा दुसऱ्या रात्री फरशीवाले कामगार त्यात उतरले. मे महिना होता, दिवसभर त्यांनी ग्राइंडर चालवला होता. वरून कुणीतरी व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. कंत्राटदाराला दंड करा, पाणी बदला, असे संदेश सुरू झाले. मनगट मोडलेल्या त्याच बी विंगच्या आजींनी एक ओळ लिहिली : "ज्यांनी बांधला ते अंघोळ करून गेले, वास्तुशांत झाली असं समजा." ग्रुप शांत झाला. दंड झाला नाही.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण तलावाचे नियम पहिल्या कमिटीत मीच लिहिले होते, माझ्या अक्षरात. त्यातला सातवा नियम असा : 'घरकामगार, वॉचमन, वाहनचालक व सफाई कर्मचारी तसेच त्यांची मुले यांना तलावात प्रवेश नाही.' तेव्हा कुणीही हरकत घेतली नाही. माझ्याही मनात काही आलं नाही. दुसऱ्या एका सोसायटीची नियमावली समोर ठेवून मी तिची नक्कल केली होती.

मामांनी या तलावाचं पाणी वीस वर्षांहून जास्त काळ स्वच्छ ठेवलं. त्यांची नात सुट्टीत त्यांच्याबरोबर येते. जाळीच्या कुंपणाबाहेर उभी राहून, जाळीत बोटं अडकवून, आपल्या मुलांचा वर्ग बघते. एकदा मी तिला म्हणालो होतो, "बाळ, इथे उभी राहू नकोस, पाणी उडेल." पाणी उडेल म्हणून मी तिला हटकलं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं आणि मला वाटतं तिलाही.

आपण पुण्यात राहतो. पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आणून ते शहरातल्या हौदांत सोडलं. याच शहरात १८६८ मध्ये महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तोही एका अर्थी घरच्या अंगणातलाच पाण्याचा साठा होता. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला, पण कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोचला नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर ते तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

अमेरिकेतल्या अंगणातल्या तलावांनाही ही दुसरी बाजू आहे. तिथल्या शहरांतले सार्वजनिक तलाव कृष्णवर्णीयांना खुले झाले, तेव्हा पुष्कळ गोऱ्या कुटुंबांनी तिकडे पाठ फिरवली आणि खाजगी क्लबांचे, घरांचे तलाव जवळ केले. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने तर तलाव सगळ्यांना खुले करण्यापेक्षा ते बंद करणं पसंत केलं. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ५ विरुद्ध ४ मतांनी त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. चांगला बांधलेला तलाव कोरडा ठेवला, पण वाटून घेतला नाही.

आपला सातवा नियम आणि महाड यांची बरोबरी मी करत नाही. आपण खाजगी सोसायटी आहोत, खर्च आपण करतो, आपली गर्दी आपल्याला ठाऊक आहे. पण लहानपणी फुल्यांच्या हौदाचा धडा वाचून परीक्षेत पूर्ण मार्क मिळवलेला माणूस पन्नाशीत असा नियम लिहून बसतो, याची नोंद इतिहासात व्हायला हवी असं मला वाटलं.

गेल्या दोन वार्षिक सभांच्या विषयपत्रिकेवर एक सूचना होती : सोसायटीत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी रविवारी सकाळी एक तास, प्रशिक्षक आणि जीवरक्षक हजर असताना, पोहण्याचा वर्ग. दोन्ही वेळा 'वेळेअभावी' विषय पुढे ढकलला. त्यावरचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि त्यांतले काही रास्त आहेत. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची? बरोबर आहे. म्हणूनच जीवरक्षक आणि पालकांची लेखी संमती हवी, जशी आपल्या मुलांसाठी हवी. गर्दी होईल? रविवारी सकाळी त्या वेळेला तलावात कुणी नसतं, रजिस्टर माझ्याकडे आहे. खर्च? वीस मुलं जास्त उतरली तर थोडी जास्त पावडर आणि थोडी जास्त वीज.

आणि चौथा आक्षेप, जो सभेत कुणी बोलत नाही, जिन्यात बोलतात : स्वच्छतेचं काय? त्याला उत्तर द्यायला मी योग्य माणूस आहे. क्लोरिनला माणसं मोजता येतात, घराणी मोजता येत नाहीत. अंघोळ न करता उतरलेला सभासदाचा मुलगा आणि अंघोळ न करता उतरलेला वॉचमनचा मुलगा यांच्यासाठी त्याच दीडशे ग्रॅमचा हिशेब आहे. शॉवर तिथे आहे, सगळ्यांना सारखाच सक्तीचा करा.

रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सभेत तोच विषय पुन्हा येणार आहे. नियमावली बदलायची झाली तर सातवा नियम खोडण्याचं काम मला द्या, अक्षर माझंच आहे. विरोधात मत असेल तरी या आणि तसं मत द्या, पण वेळेअभावी पुढे ढकलू नका. तलावाबद्दल पंचवीस वर्षांत मी एवढंच शिकलो की लक्ष न देता सोडून दिलेल्या गोष्टीला खालून दाब येत राहतो, आणि तो दिसत नाही.

मामा येत्या वर्षी निवृत्त होऊन गावी जायचं म्हणतात. त्यांची नात आता अकरा वर्षांची आहे. पोहायला शिकण्याचं वय अजून गेलेलं नाही.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आणि उतरण्याआधी शॉवर घ्या.